सांध्यात गेलेली गल्ली

रेघबाईंना रेघ मारायला पट्टी लागत नसे. कार्यालयात नवा माणूस रुजू झाला की मोठे आरेखक त्याच्यापुढे दोन रेघा ठेवत. एक पट्टीने मारलेली, दुसरी बाईंनी नुसत्या हाताने. आणि म्हणत, "ओळखा." तो हमखास चुकायचा आणि खोलीभर चहा पाजायचा. रेघबाई मान वर न करता म्हणायच्या, "माझ्यात साखर कमी."

नगररचना कार्यालयाच्या मागच्या अंगाला, जिन्याखालून वाकून गेलं की एक लांबट खोली लागे. तिथे त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. सहा टेबलं, प्रत्येकावर काच आणि काचेखाली दिवा. मोजणीदारांनी जागेवर जाऊन काढलेली कच्ची पानं काचेवर ठेवायची, वर पारदर्शक कागद ताणून बसवायचा आणि खालची रेघ न् रेघ शाईने वर उतरवायची. चुकलं तर दाढीच्या पात्याने खरवडायचं, पण असं की कागदालाही कळू नये. रेघबाईंचं खरवडलेलं कधी कुणाला सापडलं नव्हतं. लग्न त्यांनी केलं नव्हतं. त्याची कारणं त्यांच्यापेक्षा शेजाऱ्यापाजाऱ्यांना जास्त ठाऊक होती.

हा हात त्यांना थोरल्या बहिणीने दिलेला. आई गेली तेव्हा ताई एकोणीस वर्षांची होती आणि ह्या सात. दोन वर्षांत वडीलही गेले आणि त्यांचं पुस्तकबांधणीचं दुकान ताईच्या अंगावर आलं. ताई शिवायची, खळ लावायची, पुठ्ठे कापायची; धाकटीकडे वह्यांचे समास आखायचं काम. "श्वास रोखू नकोस," ताई सांगायची. "सोडत सोडत ओढ. रोखलास की हात थरथरतो." धाकटीला आरेखनाच्या शाळेत ताईनेच घातलं. त्यापायी स्वतःचं लग्न दोनदा लांबवलं आणि तिसऱ्या वेळी पलीकडच्यांनीच ते मोडलं. ह्यावर ताई एकदाच बोलली होती, "बरं झालं. त्यांच्या घरात एक पुस्तक नव्हतं, मी काय बांधलं असतं?"

ते दुकान अजून तिथेच होतं. शहराच्या अगदी मध्यात, मंडईच्या मागे एक गल्ली होती. गल्ली कसली, बोळच. दोन्हीकडची घरं धरून सगळी मिळून पंधरा पावलांची रुंदी. घरं एकोणीस, खाली धंदा आणि वर राहणं. ताईच्या समोर शिंपीकाका. त्यांच्या मशीनचा आवाज थांबला की ताई दारात येऊन बघायची, माणूस जिवंत आहे ना. आणि ते आतून ओरडायचे, "दोरा ओवतोय हो, एवढ्यात नाही मरत!"

शहर ज्यांनी पहिल्यांदा आखलं त्यांनी चाळीस हजार माणसं धरली होती. आता सहा लाख झाली होती आणि रोज आणखी येत होती. मंडईच्या चौकात गाडी अडकली की तासभर हलत नसे. बाळंतीण गाडीतच मोकळी होई. वरच्या मजल्यांवर पाणी चढायचं बंद झालं होतं. म्हणून शहराचा मध्य नव्याने आखायचा ठरलं. रुंद रस्ते, मोठं चौक-मैदान, बसस्थानक, दवाखाना, आणि जुन्या घरांतून उठणाऱ्या चार हजार कुटुंबांना कडेच्या नव्या इमारतींत खोल्या. बेत वाईट नव्हता, हे सांगायला हवं. रेघबाईंनाही तो मनापासून पटला होता. ताईच्या गुडघ्यांना जिना सोसत नव्हता. तळमजल्याची खोली, नळाला पाणी, एवढं जरी मिळालं तरी त्यांच्या जन्माचं ओझं थोडं उतरणार होतं.

कोणाला खोली द्यायची हे नकाशावरून ठरणार होतं. नकाशावरच्या प्रत्येक घराला क्रमांक, क्रमांकाला खोली. सोपा हिशेब.

आहे त्या शहराचा नकाशा बावीस पानांवर उतरवायचा होता. एवढा मोठा नकाशा एका कागदावर मावत नाही. तो तुकड्यांनी काढतात आणि मग पानं शेजारी शेजारी जोडतात. दोन पानं जिथे मिळतात तिथली अंगठ्याएवढी पट्टी म्हणजे सांधा. सांध्यातलं कुणी काढायचं, डाव्या पानाने की उजव्या, हे आधी ठरलेलं लागतं. ह्या कार्यालयात सांधा डाव्या पानाचा. कुठे लिहिलेलं नव्हतं. चपला दाराबाहेर काढाव्यात हे कुठे लिहिलेलं असतं?

त्याच वर्षी दुसऱ्या शहरातल्या कार्यालयातून बदली होऊन एक आरेखक आला. दिवसभर पेन्सिलींना टोक काढायचा, म्हणून खोलीने त्याचं नाव टोकदार ठेवलं. माणूस सरळ, कामसू, अबोल. चहाची पैज हरला तेव्हाही न कुरकुरता हरला. त्याला अकरावं पान मिळालं. त्याच्या उजवीकडचं बारावं रेघबाईंचं.

पानं जोडायला घेतली तेव्हा दहा आणि अकराच्या सांध्यावर एक गंमत झाली. तीच पट्टी दोन्ही पानांवर होती. दहाव्या पानाने काढली होती ती आपली रीत म्हणून, आणि टोकदारानेही काढली होती.

"वा!" मोठे आरेखक म्हणाले. "नवा गडी न सांगता जास्तीचं काम करतो. शिका जरा!"

सगळे हसले. टोकदार कानापर्यंत लाल झाला. काही सांगायला म्हणून त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात मोठ्या आरेखकांनी कात्रीने जादा पट्टी कापून टाकली आणि पुढचं पान ओढलं. टोकदाराच्या जुन्या कार्यालयात सांधा उजव्या पानाचा होता. म्हणूनच त्याने डावीकडचा सांधा काढला होता, आणि म्हणूनच उजवीकडचा सोडला होता. इकडची पट्टी दोनदा आली तर तिकडची एकदाही आलेली नसणार, हे त्या खोलीत कुणाच्या डोक्यात आलं नाही. हसताना येत नाही.

अकरा आणि बारा जोडले तेव्हा पानं एकमेकांना अशी चपखल बसली की पाहत राहावं. अकराव्यातल्या शेवटच्या घरांच्या मागच्या भिंती आणि बाराव्यातल्या पहिल्या घरांच्या मागच्या भिंती पाठीला पाठ लावून उभ्या राहिल्या. फक्त मंडईचा तिरका रस्ता सांध्यावर जरा मोडल्यासारखा दिसत होता. गव्हाच्या दाण्याएवढा वाक. जोडलेला नकाशा शेवटचा हात फिरवायला रेघबाईंकडे आला, कारण तो दोन दिवसांनी मोठ्या पाहुण्यांपुढे ठेवायचा होता.

त्यांना वाक दिसला. नव्या माणसाचा हात हलला असेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी पातं घेतलं, वाक खरवडला, श्वास सोडत सोडत रस्ता एका ओघात खाली आणला आणि नखाने कागद घासून गुळगुळीत केला. मोठे आरेखक भिंग घेऊन बघायला आले आणि म्हणाले, "बाई, कुठे होता हो तो वाक?" रेघबाई मनातून सुखावल्या. पस्तीस लोकांच्या कार्यालयात वर्षाकाठी एकदा कुणी असं म्हणतं.

नकाशात त्या कधी माणसं शोधत नसत, हेही खरं. ताईची गल्ली त्यांना पायांनी ठाऊक होती, खळीच्या वासाने ठाऊक होती. कागदावर तिचा शोध घ्यावा असं त्यांच्या मनात आलं नाही. बाराव्या पानाच्या कडेला ती येत होती एवढं ठाऊक होतं. सांध्यात आहे, म्हणजे शेजारच्या पानाने काढली असणार.

आराखडा दोन महिने सभागृहात लावला. ज्याला हरकत घ्यायची त्याने यावं, बघावं, लेखी द्यावं. त्याच सुमारास रेघबाई कार्यालयाच्या फायली बांधून घ्यायला ताईकडे गेल्या. रिक्षा बोळाच्या तोंडाशी उभी होती, चालक भोंगा वाजवत होता.

"काय गं," ताईने सुई दातात धरून विचारलं, "आमची गल्ली आहे ना त्यात?"

"आहे की. आम्हीच काढलीय."

"मग मी कशाला जाऊ एवढे जिने चढून?"

समोरून शिंपीकाका ओरडले, "नकाशावाल्या बाईच आमच्या घरातल्या! आम्ही कशाला बघायचं? उगीच नजर लागेल!"

आणि अख्खी गल्ली गेली नाही. एकोणीस घरांतलं एकही माणूस सभागृहाची पायरी चढलं नाही. इतर गल्ल्यांनी तीनशे हरकती घेतल्या. कुणाचं न्हाणीघर चुकलं होतं, कुणाचा गोठा. ताईच्या गल्लीची एकही नाही. मुदत संपली, आराखडा मंजूर झाला, शिक्का बसला.

चार महिन्यांनी खोल्यांच्या याद्या भिंतीवर लागल्या. ताई शिंपीकाकांचा हात धरून गेली. दोघांनी याद्या तीनदा वाचल्या. खिडकीतल्या कारकुनाने नकाशा उलगडला, बोट फिरवलं आणि म्हणाला, "आजी, तुम्ही सांगता तिथे घरं नाहीत. ही बघा, भिंतीला भिंत आहे."

"अहो, मी तिथूनच आले आत्ता."

"असेल. पण इथे नाही."

ताई तशीच जिन्याखालून वाकून लांबट खोलीत आली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. "अगं," ती दारातूनच म्हणाली, "तू म्हणाली होतीस ना?"

रेघबाईंनी तिला आपल्या स्टुलावर बसवलं आणि कपाटातून मोजणीदारांची कच्ची पानं काढली. कच्च्या पानावर गल्ली होती. दोन्ही बाजूंची घरं, ताईच्या दाराची पायरीसुद्धा. मग पक्क्या नकाशावर त्यांनी मंडईच्या कोपऱ्यापासून जुन्या दवाखान्याच्या भिंतीपर्यंत अंतर मोजलं. कच्च्यापेक्षा एक अंगठा कमी. पुन्हा मोजलं. एक अंगठा. त्यांचं बोट रस्त्यावर त्या जागी येऊन थांबलं जिथे तो वाक होता. कागद गुळगुळीत होता. त्यांनाही तो सापडला नाही.

टोकदार शेजारच्या टेबलावरून उठून आला. त्याने दोन्ही पानं पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. "बाई," तो म्हणाला, "आमच्याकडे सांधा उजव्या पानाने काढायचा."

"त्या दिवशी का नाही बोललात?"

"तुम्ही सगळे हसत होता."

ताई स्टुलावरून हे ऐकत होती. जन्मभर पानं शिवलेली बाई ती. तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. "म्हणजे शिवणीत गेलो आम्ही," ती म्हणाली. "कड सोडली नाही की अक्षर शिवणीत जातं, तसं."

रेघबाई कच्चं पान घेऊन साहेबांकडे गेल्या. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी बसायला सांगितलं, सगळं ऐकलं, स्वतः मोजलंही.

"बाई, मंजूर आराखडा म्हणजे कायदा. कच्चं पान म्हणजे रद्दी. हा उघडायचा म्हटला तर पुन्हा मोजणी, पुन्हा हरकती. दोन वर्षं. चार हजार घरांच्या किल्ल्या पुढच्या महिन्यात द्यायच्यात. एकोणीसांसाठी चार हजार थांबवू?"

"ती माणसं आहेत साहेब, राहतात तिथे."

"मला ठाऊक आहे." त्यांनी खण उघडला. "सुटलेल्या नावांसाठी एक कलम आहे. एक नाव मी घालू शकतो. एकच. तुमच्या बहिणीचं. तळमजला देतो. फक्त विषय इथेच मिटवा."

अर्ज घेऊन रेघबाई त्याच संध्याकाळी ताईकडे गेल्या. बोळात पाऊल टाकल्याबरोबर शिंपीकाकांचं मशीन थांबलं. "या नकाशावाल्या बाई!" ते म्हणाले. "कापड कापण्यात जन्म गेला आमचा, पण अशी कात्री नाही जमली बुवा." रेघबाईंना वर बघवलं नाही.

ताईने चष्मा पुसला आणि अर्ज घेतला. "तळमजला?"

"हो. नळ आहे आत."

"सही कुठे करू?"

रेघबाईंनी लगेच पेन काढून दिलं. पण ताई वाचल्याशिवाय काहीच हातावेगळं करत नसे, बांधायला आलेली पुस्तकंसुद्धा. ती ओठ हलवत वाचत गेली आणि चौथ्या ओळीवर थांबली. 'मी मंडईमागील रस्त्यावर राहत असून, सदर ठिकाणी अन्य कोणतीही गल्ली वा वस्ती नाही, हे मी प्रतिज्ञेवर सांगते.'

"हे कशाला गं?"

"नकाशाशी जुळावं म्हणून."

ताईने पेनाचं टोपण लावलं. "मला खोली हवीय," ती म्हणाली. "खोटं बोलायचीही माझी तयारी आहे, ह्या वयात काय लपवायचं. पण उद्या समोरचा भांडायला गेला, तर त्याला हाच कागद दाखवतील. म्हणतील, तुमच्या शेजारणीनेच लिहून दिलंय." तिने अर्ज घडी घालून परत केला. "तू असं कर. खरं काय ते लिहून दे. कुणी काढलं नाही, कुणी खरवडलं, सगळं."

"माझी नोकरी जाईल ताई. आणि गल्ली वाचेलच असं नाही."

"मी वाचेल कुठे म्हटलं?"

रेघबाईंनी लिहिलं. तीन पानं, सुवाच्य अक्षरात. सांधा सोडला हे लिहिलं, दिसलेला वाक आपण स्वतः खरवडला हेही लिहिलं. टोकदाराचं नाव घातलं नाही; त्यानेच येऊन खाली सही केली. पंधरा दिवसांनी सुनावणी झाली. एकोणीस घरांतली माणसं मागच्या बाकांवर बसली होती. अधिकाऱ्यांनी तीनही पानं मोठ्याने वाचली, बाईंच्या प्रामाणिकपणाची नोंद घेतली, बाईंना कामावरून दूर केलं, टोकदाराला दूरच्या तालुक्याला धाडलं, आणि आराखडा अंतिम असल्याने त्यात बदल करता येत नाही असं सांगून पुढचं प्रकरण पुकारलं. सगळं मिळून अकरा मिनिटं.

शेजारच्या रस्त्यांवरची घरं पाडण्याआधी तिथल्या प्रत्येक दारावर महिनाभर आधी नोटीस लागली. ताईच्या गल्लीत एकही लागली नाही. जी घरं नाहीत त्यांना नोटीस कशी देणार? म्हणून शिंपीकाकांना वाटलं, आपण वाचलो. त्यांनी भिंतीला रंगही काढायला घेतला. यंत्रं आली ती मंगळवारी सकाळी दहाला, मंडईच्या बाजूने. पाठीला पाठ लावलेली पहिली भिंत पडली आणि मागे माणसं दिसली. यंत्रावरचा माणूस खाली उतरला, त्याने खिशातला नकाशा पाहिला, मुकादमाला विचारलं. मुकादमानेही नकाशा पाहिला. दोघांनी मिळून तासाभराची मुदत दिली. त्यांच्या हातात तेवढंच होतं.

रेघबाई धावत पोहोचल्या तेव्हा ताई बांधलेली पुस्तकं दाबून धरणाऱ्या दाबयंत्राला मिठी मारून रस्त्यात उभी होती. ओतीव लोखंडाचं, दोन माणसांनाही उचलेना. शिंपीकाका रंगाचा डबा हातात धरून बसले होते, ब्रश अजून ओला. "अर्धी भिंत झाली होती बरं का," ते रेघबाईंना म्हणाले. ना राग, ना टोमणा. त्यांच्या तोंडून रेघबाईंनी ऐकलेलं ते शेवटचं वाक्य. मुलगा त्यांना घेऊन गेला आणि थंडी सरायच्या आत ते वारल्याचं कळलं.

आता ताई रेघबाईंच्या दोन खोल्यांत राहते. तिसऱ्या मजल्यावर. दाबयंत्र व्हरांड्यात आहे, त्याला वळसा घालून न्हाणीत जावं लागतं. गुडघ्यांमुळे ताई खाली उतरत नाही; चौक-मैदान तिने पाहिलेलं नाही. लोक म्हणतात छान झालंय. दवाखान्याची गाडी आता चार मिनिटांत पोहोचते, आणि हे खोटं नाही. समोरच्या बिऱ्हाडातल्या सुनेचं बाळ त्यामुळेच वाचलं.

त्या दिवसाबद्दल ताई वर्षभर काही बोलली नाही. मग एका दुपारी, शाळेच्या वह्या शिवता शिवता, तिने सहज विचारावं तसं विचारलं, "मी विचारलं होतं ना तुला, गल्ली आहे का म्हणून. तू न बघताच म्हणालीस?"

रेघबाई पुठ्ठ्यांना खळ लावत होत्या. रिक्षावाला भोंगा वाजवत होता, असं सांगता आलं असतं. "हो," त्या म्हणाल्या. "वाटलं, शेजारच्या पानावर असेल."

"हं," ताई म्हणाली आणि दोरा ओढला.

तिने पुढची वही घेतली. हल्ली ती शिवताना आतली कड पूर्वीच्या दुप्पट सोडते. गिऱ्हाइकं कुरकुरतात, पानावर लिहायला जागा उरत नाही म्हणतात, दोन शाळांनी तर काम दुसरीकडे दिलं. रेघबाई पुठ्ठ्यांना खळ लावत राहतात. ताई पान दुमडते, अंगठा टेकवून कड मोजते, आणखी थोडी सोडते, आणि मग सुई घालते.